युकॅलिप्टस म्हणजे नीलगिरीच का?

विचारणा अशी आहे : ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले जर्मन औषधविक्रेते आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फेर्डिनांड फॉन म्यूलर यांच्यावरच्या मराठी लेखात 'युकॅलिप्टस'ऐवजी सरसकट 'नीलगिरी' लिहावं का?

तेलासाठी खुशाल लिहा, झाडासाठी मात्र नको. आपल्याकडे हा शब्द डोंगरावरून आला. १८४३ च्या सुमारास इंग्रजांनी दक्षिणेतल्या नीलगिरी पर्वतात जळणासाठी ही झाडं लावायला घेतली, ती तिथे फोफावली आणि डोंगराचं नाव झाडाला चिकटलं. शब्द मराठीत पक्का रुजलाय, त्याला परका ठरवायचं काही कारण नाही.

पण म्यूलर वावरले ते या झाडाच्या माहेरी. जन्म १८२५ चा, जर्मनीतल्या रोस्टॉकचा. आईवडील लवकर गेले. औषधाच्या दुकानात उमेदवारी केली, कील विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि उबदार हवा मानवेल म्हणून १८४७ मध्ये दोन बहिणींसह ॲडलेड गाठलं. तिथेही आधी औषधाच्या दुकानातच नोकरी. १८५३ मध्ये ते व्हिक्टोरिया वसाहतीचे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ झाले आणि १८९६ साली मरेपर्यंत त्या पदावर राहिले. युकॅलिप्टसचं पान उजेडासमोर धरलं की बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या ग्रंथी. औषधं जाणणाऱ्या माणसाला त्यांचं मोल लगेच कळणार! त्यांच्याच प्रोत्साहनाने जोसेफ बोसिस्टो या इंग्लंडहून आलेल्या औषधविक्रेत्याने १८५० च्या दशकात हे तेल व्यापारी प्रमाणावर गाळायला सुरुवात केली. सर्दी झाली की आपण रुमालावर टाकतो, ते हेच तेल.

१८७३ मध्ये मेलबर्नच्या वनस्पती उद्यानाचं संचालकपद त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. हा मला त्यांच्यावरचा अन्यायच वाटतो. तरी युकॅलिप्टसच्या शंभर जातींची सचित्र माहिती देणारा त्यांचा 'युकॅलिप्टोग्राफिया' हा ग्रंथ त्यानंतरचाच.

युकॅलिप्टसच्या सातशेहून अधिक जाती आहेत आणि नीलगिरी पर्वतात पोचल्या त्या मोजक्याच. म्हणून ग्रंथाबद्दल, जातींबद्दल लिहिताना 'युकॅलिप्टस'च ठेवा. शिवाय त्या ग्रीक नावाचा अर्थ 'नीट झाकलेलं' असा आहे, आणि तो कळीला नेमका लागू पडतो : कळीवर घट्ट टोपी असते, फुलताना ती गळते आणि केसरांचा झुपका बाहेर येतो. पहिल्यांदा नाव येईल तिथे 'युकॅलिप्टस, म्हणजे आपल्याकडची नीलगिरी' एवढं लिहिलंत की पुरे. आणि लिहाल तेव्हा 'नी' दीर्घच हवा, कारण शब्द 'नील'पासून आलाय.