वाचकांचे प्रश्न : भीती आणि कायदा

प्रश्न : बोरिवली-चर्चगेट लोकलने प्रवास करताना बेवारस पिशवी दिसली की आजही छातीत धस्स होते. ही भीती आपल्या राजकीय मतांवरही परिणाम करते का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : होय, करते. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेवर अवघ्या काही मिनिटांत सात स्फोट झाले आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईकर पुन्हा लोकलमध्ये चढले. त्याला सगळ्यांनी ‘मुंबईचे स्पिरिट’ म्हटले; मला मात्र तो शब्द नेहमीच खुपतो, कारण ज्याचे पोट हातावर आहे त्याला घरी बसण्याची मुभाच नसते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुख्यमंत्री आणि केंद्रीय गृहमंत्री पायउतार झाले. त्याच डिसेंबरमध्ये संसदेने राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा केला आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून, आरोपपत्राविना कोठडीत ठेवण्याची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवण्याची तरतूद केली. एरवी ज्यावर महिनोन्‌महिने खल झाला असता ते काही दिवसांत मंजूर झाले, कारण घाबरलेल्या समाजात ‘निरपराध अडकला तर?’ असे विचारणाऱ्याकडेच संशयाने पाहिले जाते.

हा प्रश्न गैरलागू नव्हता. २००६ च्या स्फोटांच्या खटल्यात दोषी ठरलेल्या बारा जणांना २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले, त्यावर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ज्यांची माणसे त्या डब्यांत गेली ती कुटुंबे अजूनही उत्तराची वाट पाहत आहेत.