कोचचा शब्द आणि विद्यापीठाची तिजोरी

न्यू जर्सीतल्या एका आईचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: ‘मुलगी अकरावीत आहे, लहानपणापासून टेनिस खेळते. बिग टेन या विद्यापीठांच्या क्रीडा-गटातल्या एका विद्यापीठाच्या कोचने तिला फोनवर “तुझ्यासाठी जागा आहे” असं सांगितलंय. माझे यजमान म्हणतात, चार वर्षांची फी वाचली, आता इतर ठिकाणी अर्ज कशाला? आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, ग्रीन कार्डची रांग संपत नाही, मुलगी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर आहे. कॉलेजच्या खेळाडूंना लाखो डॉलर मिळतात असं बातम्यांत रोज येतं. तिच्या पुण्याच्या आजोबांना तर वाटतंय की नातीचं भाग्य उजळलं. मला मात्र झोप नाही. सगळं इतकं सोपं आहे का?’

ताई, तुमची झोप उडाली ते योग्य कारणासाठीच. मुलीचं अभिनंदन करा, बिग टेनच्या कोचने स्वतः फोन करावा ही लहान गोष्ट नाही. पण अर्ज थांबवू नका. फोनवरच्या ‘जागा आहे’ला कायद्याने काही किंमत नाही, दोन्ही बाजूंना नाही. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. कोच खोटं बोलतोय असं मी मुळीच म्हणत नाही. टेनिसच्या टीमचं पुढच्या चार वर्षांत काय होणार हे आता टेनिसच्या कोचच्या हातात राहिलेलं नाही, आणि पालकांना नेमकं हेच कुणी नीट समजावून सांगत नाही.

निर्णय फुटबॉलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या, पैशावर होतात. बिग टेनने २०२२मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा करार केला, सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा. त्याच वर्षी लॉस एंजेलिसची यूसीएलए आणि यूएससी ही दोन्ही विद्यापीठं बिग टेनमध्ये जाणार असं जाहीर झालं. पुढच्या वर्षी ऑरेगन आणि वॉशिंग्टन त्यांच्या मागोमाग निघाली, कोलोराडो, युटा आणि ॲरिझोनातली दोन्ही विद्यापीठं बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या गटाकडे वळली. पश्चिम किनाऱ्यावरची शंभर वर्षांहून जुनी पॅक-१२ कॉन्फरन्स (म्हणजे असाच विद्यापीठांचा गट) काही आठवड्यांत रिकामी झाली, मागे उरली ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. स्टॅनफर्ड आणि बर्कली तर टीव्हीच्या पैशातला कमी वाटा पत्करून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेली. दोन्ही विद्यापीठं पॅसिफिकच्या काठावर आहेत. बिग टेनमध्ये आज अठरा विद्यापीठं आहेत.

हे सारं फुटबॉलसाठी झालं. फुटबॉलची टीम हंगामात बारा-तेरा सामने खेळते, बहुतेक शनिवारी, आणि मोठ्या टीम चार्टर विमानाने जातात. टेनिस, व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुलामुलींना मात्र त्याच नकाशावर, आठवड्याच्या मधल्या दिवशीसुद्धा, साध्या विमानाने फिरावं लागतं. तुमच्या घराजवळचं रटगर्स बिग टेनमध्ये आहे. तिथल्या मुलीला लॉस एंजेलिसला खेळायचं असेल तर देश ओलांडून जायचं, तीन तासांचा वेळफरक अंगावर घ्यायचा, हॉटेलच्या खोलीत परीक्षा द्यायची आणि परतल्यावर केमिस्ट्रीच्या लॅबला बसायचं. तुमची मुलगी पुढे मेडिसिन किंवा इंजिनिअरिंग म्हणत असेल, तर कोचला थेट विचारा की मागच्या स्प्रिंगमध्ये मुलींचे किती वर्ग बुडाले आणि लॅबचे विषय घेणाऱ्या मुली टीममध्ये किती आहेत. चांगला कोच या प्रश्नाने चिडत नाही.

आता त्या लाखो डॉलरविषयी. २०२१च्या जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने आल्स्टन खटल्यात कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएच्या विरोधात ९-० असा निकाल दिला आणि जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातींतून कमावण्याची मुभा मिळाली. यालाच एनआयएल म्हणतात. मग ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी हाउस खटल्यातला समझोता मंजूर केला. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई मिळणार, आणि विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६साठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलर आहे. खेळाडूंना त्यांच्या घामाचा मोबदला मिळतो आहे याचा मला मनापासून आनंद आहे. इतकी वर्षं स्टेडियम त्यांच्या जिवावर भरत होती आणि पगार वाढत होते ते कोचचे. पण या पैशाचा फार मोठा भाग फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलकडे जातो. टेनिसच्या मुलीच्या वाट्याला त्यातलं जवळजवळ काही येत नाही, हे घरात सगळ्यांनी आधीच ओळखून असावं. आजोबांनाही सांगा.

आणि हे दोन कोटी डॉलर आभाळातून पडत नाहीत. ते त्याच क्रीडा विभागाच्या खर्चातून काढावे लागतात. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाने २०२५च्या मार्च महिन्यात मुलांची आणि मुलींची पोहण्याची टीम बंद केली. एल पासोच्या टेक्सास विद्यापीठाने मुलींचं टेनिस थांबवलं. हा सगळा खटला ज्याच्या नावाने ओळखला जातो तो ग्रँट हाउस स्वतः पोहणारा, ॲरिझोना स्टेटचा. खेळाडूंच्या हक्कासाठी तो लढला आणि आता कात्री पडते आहे ती त्याच्याच खेळावर. याचं मला फार वाईट वाटतं.

टीम बंद करण्याचा प्रकार नवा नाही. रटगर्सने २००६ साली सहा टीम बंद करायचं जाहीर केलं, त्यात मुलांचं टेनिसही होतं. स्टॅनफर्डने २०२०मध्ये ३६पैकी ११ खेळ बंद करायचं ठरवलं आणि माजी विद्यार्थ्यांनी रान उठवल्यावर वर्षभरात निर्णय मागे घेतला. शिक्षणसंस्थांत मुलींशी भेदभाव करायला मनाई करणाऱ्या १९७२च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलींच्या खेळांना थोडं संरक्षण आहे, ते तुमच्या मुलीच्या बाजूचं आहे. अशा वेळी विद्यापीठं बहुधा चालू स्कॉलरशिप पाळतात. पण टीमच नसेल तर मुलीपुढे दोनच वाटा उरतात: खेळ सोडायचा किंवा ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव घालून दुसरं विद्यापीठ शोधायचं. दुसऱ्या विद्यापीठात सगळी क्रेडिट्स धरली जातीलच असं नाही.

पोर्टलची दुसरी बाजू तुमच्या मुलीला आजच लागू होते. २०२४पासून, अभ्यास ठीक असेल तर, खेळाडू कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच खेळू शकतात. त्यामुळे कोचला बारावीतल्या मुलीपेक्षा दोन वर्षं कॉलेज टेनिस खेळलेली वीस वर्षांची खेळाडू जास्त भरवशाची वाटते. परदेशातून येणाऱ्या खेळाडूही आहेतच. आपल्या महाराष्ट्रातल्याच ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळल्या, अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून. तुमच्या मुलीची स्पर्धा एडिसनच्या क्लबमधल्या मैत्रिणीशी नाही, पुणे, प्राग आणि माद्रिदहून येणाऱ्या मुलींशी आहे. हाउस समझोत्यात मुलींच्या टेनिसचा रोस्टर, म्हणजे टीममधल्या खेळाडूंची कमाल संख्या, दहाचा ठरला. आधी एका टीममध्ये आठ पूर्ण स्कॉलरशिप देता येत, आता दहाही देता येतात. ऐकायला छान आहे, पण ‘देता येतात’ म्हणजे ‘देतात’ नव्हे. आणि टीममध्ये अकराव्या मुलीला आता जागाच नाही. पूर्वी स्कॉलरशिपशिवाय टीमबरोबर सराव करून हळूहळू वर येणारी मुलं असत, त्यांची वाट अरुंद झाली आहे.

म्हणून कोचला पुढच्या फोनवर हे विचारा, आणि मुलीनेच विचारलेलं बरं: गेल्या दोन वर्षांत हायस्कूलमधून थेट किती मुली घेतल्या आणि पोर्टलमधून किती? मला देणार असलेली रक्कम पूर्ण आहे की काही टक्के? करार एका वर्षाचा की चार वर्षांचा? दुखापत झाली तर? तुम्ही दुसरीकडे गेलात तर? टीमचा खर्च फुटबॉलच्या उत्पन्नातून चालतो की देणगीदारांचा कायमचा निधी आहे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण स्वतःचा निधी असलेली टीम सहजासहजी बंद होत नाही. फोन संपल्यावर तिने आभाराचा ईमेल लिहावा आणि त्यात झालेलं बोलणं नोंदवावं. खरा आधार म्हणजे बारावीच्या वर्षात सही होणारा आर्थिक मदतीचा लेखी करार. तो हाती येईपर्यंत अर्ज चालू ठेवायचे.

व्हिसाचं मी मुद्दाम वेगळं लिहिते. एच-४वरच्या मुलांना सरकारी आर्थिक मदत मिळत नाही, म्हणून खेळाची स्कॉलरशिप तुमच्यासारख्या घरांना इतकी मोलाची वाटते, आणि ती घ्यायला एच-४ आड येत नाही. पण एच-४वरच्या मुलांना काम करण्याची परवानगी नसते. एखाद्या दुकानाने इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीसाठी पाचशे डॉलर देऊ केले किंवा विद्यापीठाने वाटा देऊ केला, तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय तिने कशावरही सही करू नये. टीममधल्या अमेरिकन मैत्रिणी करतात म्हणून आपणही केलं, ही चूक रांगेत उभ्या असलेल्या तुमच्या अख्ख्या घराला महागात पडू शकते. शिवाय तिला एकवीस वर्षं कॉलेजमध्येच पूर्ण होतील, आणि एच-४ तिथवरच चालतो. तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल, त्याची तयारी दुसऱ्या वर्षापासून ठेवा. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी प्रवेशाआधीच बोला. टेनिसच्या कोचला यातलं काही माहीत असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता तुमच्या यजमानांना न आवडणारी गोष्ट. एनसीएएच्या तिसऱ्या स्तरातल्या, म्हणजे डिव्हिजन थ्रीच्या, कॉलेजांची यादी आजच करा. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, पण हुशारीसाठी किंवा गरजेनुसार मदत अनेक ठिकाणी मिळते. नागरिक नसलेल्यांसाठी नियम वेगळे असतात, तेवढे प्रत्येक कॉलेजला विचारून घ्या. एमआयटी, एमरी, कार्नेगी मेलन, शिकागो विद्यापीठ ही सगळी डिव्हिजन थ्रीत आहेत. शिकागो तर बिग टेनच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी १९३९मध्ये फुटबॉल बंद केलं, १९४६मध्ये कॉन्फरन्स सोडली, आणि विद्यापीठाचं नाव काही कमी झालं नाही. डिव्हिजन थ्रीचं टेनिस हलकं नसतं, प्रवास आटोपशीर असतो आणि टीव्हीच्या करारावर कुणाची टीम टांगलेली नसते. आपल्या घरांत डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या स्तराच्या खालचं सगळं दुय्यम मानतात, त्यात मुलींचं नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे.

डिव्हिजन थ्रीचे कोच साधारण बारावी सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात मुलांचे मार्क प्रवेश कार्यालयाकडून तपासून घेतात आणि अर्ली डिसिजनचे, म्हणजे एकाच पसंतीच्या कॉलेजला लवकर करायचे, अर्ज बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या सुमाराला असतात. तेव्हा तिचा यूटीआर (टेनिसमधलं मानांकन), गुणपत्रक आणि सामन्यांचा व्हिडिओ जोडून पाच-सहा कोचना याच महिन्यात ईमेल जाऊ द्या. ईमेल तिच्या नावाने, तिच्या शब्दांत, तुमच्या यजमानांनी लिहिलेला नको.