काचबिंदू 'काढतात' का?

विश्रामबागेतून विचारणा आली आहे: शेजारच्या चार महिन्यांच्या बाळाचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरचे सांगतात, 'काचबिंदू काढला'. असं म्हणणं बरोबर का? आणि यातली काच कसली?

माझी हरकत 'काढला'वर आहे. मोतीबिंदू काढतात, कारण गढूळलेलं भिंग खरंच बाहेर येतं. काचबिंदूत काढून ताटलीत ठेवावं असं काही नसतं. डोळ्याच्या आत सतत पाणी पाझरतं (आसवं वेगळी) आणि बुबुळाच्या कडेच्या कोनातून निचरून जातं. या बाळांचा तो कोन जन्मतःच नीट घडलेला नसतो. पाणी तुंबतं, दाब चढतो. 'फुगवटा' म्हणजे काय हे सांगलीकराला सांगायला नको, पुढे धरणाला अडलेलं पाणी मागे चढतं तो, दर पावसाळ्यात अलमट्टी धरणाच्या नावानं ऐकतोच आपण. बाळाच्या डोळ्याचं कवच मऊ, त्यामुळे अख्खा डोळाच मोठा होतो. ग्रीक शब्द आहे 'बुफ्थॅल्मॉस', म्हणजे बैलडोळा. खिलार बैल जवळून पाहिलेल्याला तो लगेच पटेल. घरात मात्र 'डोळे कसे टपोरे!' म्हणून तीट लावली जाते, आणि बाळ उजेडात डोळे घट्ट मिटून घेतंय, डोळ्यांतून पाणी गळतंय, हे मागे पडतं.

म्हणजे ऑपरेशनात वाट करून देतात. 'गोनियोटॉमी'त गोनिया म्हणजे कोन आणि टॉमी म्हणजे चिरणं. मी 'कोनछेद' म्हणेन. पण त्यासाठी समोरच्या पारदर्शक पटलातून कोन दिसावा लागतो. पटल धुरकटलं असेल तर बाहेरच्या बाजूनं शिरून निचऱ्याची जागा चिरतात, ती 'ट्रॅबेक्युलोटॉमी'. तिची जुळी वाटणारी 'ट्रॅबेक्युलेक्टॉमी' वेगळी: 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढणं. तिथे निचऱ्याच्या जागचा कणभर तुकडा काढतात खरा, पण तो काचबिंदू नव्हे. आपल्याकडे तान्ह्या बाळांत या दोन्ही बऱ्याचदा एकाच वेळी होतात. एवढ्यानं दाब उतरला नाही तर बारीक नळी बसवतात. तेव्हा 'काचबिंदूचं ऑपरेशन झालं' म्हणावं, पुरे.

आता काच. दोरीचा काच, सासरचा काच, आणि इथे दाब. जोडी जुळवायचा मोह मलाही झाला होता. पण आयुर्वेदात तिमिर, काच, लिंगनाश अशी नेत्ररोगांची नावं पूर्वीपासून आहेत. मला तरी 'काचणे'पेक्षा हा काच जवळचा वाटतो.