वाचक विचारतात : पुस्तकातला कोकणी माणूस

प्र. पुस्तकातला कोकणी माणूस म्हटला की तिरकस, कंजूष आणि कोर्टात पडलेला. आमची टर उडवूनच पुस्तकं खपवायची का? 'अंतू बर्वा' मला याचसाठी आवडत नाही. (रत्नागिरी)

उ. दादा, राग समजतो, मोबाईलवर नुसते तिरकस डायलॉग कापून फिरवतात त्यामुळे तसं वाटणारच, पण 'व्यक्ती आणि वल्ली'तला तो लेख एकदा सलग वाचून बघा. रत्नागिरीत वीज येते आणि अंतूशेट ती घेत नाहीत, वर म्हणतात की उजेड पडला तर बघायचं काय, दारिद्र्यच ना. आता यात टर कुणाची झाली सांगा? मला तरी तिथे हसू येता येता अडकतं. आणि कोर्टकचेरीचं म्हणाल तर ती आपण करतोच की, सामायिकातल्या कलमाची एक फांदी पलीकडे गेली तरी पुरते! तिरकस माणूस नकोच असेल तर पेंडशांचा 'गारंबीचा बापू' घ्या, 1952 सालची कादंबरी. गरीब घरातला पोर, राधेला घेऊन उघड उघड राहतो, गाव काय म्हणेल याची फिकीर नाही, त्याला कंजूष म्हणून दाखवाच.

प्र. 'तुंबाडचे खोत' आणलंय, दोन जाड खंड. माणसं इतकी की कोण कुणाचा तेच कळत नाही. सोडून देऊ? (खेड)

उ. ताई, तुमच्या जगबुडी नदीच्या काठचं पुस्तक तुम्हीच सोडलंत तर कसं व्हायचं? चार पिढ्या आहेत, गोंधळ होणारच, मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने वंशावळ काढत चला. मधेमधे पाल्हाळ आहे हे मात्र खरं, तिथे खुशाल पानं उलटा.

प्र. खानोलकरांची 'कोंडुरा' वाचलंय. शेवटाक काय झाला ता माका कळाक नाय. (वेंगुर्ले)

उ. कुणाला कळलाय? पुन्हा वाचा, पण रात्री नको.

प्र. अकरावीत आहे. बाबा म्हणतात 'कोसला' वाच, मला बोअर होतं. (दापोली)

उ. मग राहू दे रे, दोन वर्षांनी बघ. आत्ता 'बनगरवाडी' घे. माडगूळकरांची, 1955 ची, अगदी बारीक आहे. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर एक पोरसवदा मास्तर येतो, पाऊस नाही, मेंढरं मरतात. आपल्याकडे जुलैत खिडकीबाहेर धो धो कोसळत असताना हे वाचायला फार विचित्र वाटतं, मुद्दाम तेव्हाच वाच.

प्र. पुस्तकांना दर पावसात बुरशी येते, उपाय? (मालवण)

उ. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आतली ओल आतच राहते. बुरशी ओल्या फडक्याने पुसायची नाही, पुस्तक पंख्याखाली उघडून उभं करा, पूर्ण सुकलं की बाहेर पडवीत नेऊन मऊ ब्रशने झाडा आणि तोंडाला रुमाल बांधा.