स्टिअरिंगवरच्या गप्पा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : उतारावर गाडी न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं असं आमचे सासरे छातीठोक सांगतात, आणि गाडी त्यांचीच असल्यामुळे मी गप्प बसतो. खरं काय?

उत्तर : कार्ब्युरेटरच्या जमान्यात सासरेबुवांचं थोडंफार बरोबर होतं हो. पण आता फ्युएल इंजेक्शन आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करून टाकतो, म्हणजे पेट्रोल शून्य. उलट न्यूट्रलला इंजिन बंद पडू नये म्हणून ते थोडं थोडं जाळत बसतं. बचत गेली उडत!

पण पेट्रोल सोडा, मला ब्रेकची जास्त धास्ती. एका मित्राच्या गाडीतून घाट उतरत होतो, पठ्ठ्याने वरपासून न्यूट्रल मारलेला आणि पाय सतत ब्रेकवर. आधी जळका वास आला, तर म्हणे पुढच्या ट्रकचा असेल. मग पेडल दर वेळी जरा जास्तच खाली जायला लागलं तेव्हा कुठे साहेबांचा चेहरा उतरला. कशीबशी बाजूला घेतली, पुढच्या चाकातून बारीक धूर येत होता आणि हा पाण्याची बाटली घेऊन डिस्कवर ओतायला निघाला, हात धरून थांबवलं, तापलेल्या डिस्कला तडा जायचा ना.

होतं काय, की पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवीन असताना किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा पीत राहतं आणि पुरेसं पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ पर्यंतही घसरू शकते. उकळलं की वाफ, वाफ दाबली जाते, आणि पेडल स्पंजासारखं. सर्व्हिसिंगला इंजिन ऑइलची चौकशी सगळे करतात, ब्रेक ऑइलचं नाव कुणी काढत नाही. साधारण दोन वर्षांनी बदला. आणि ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, जुने ड्रायव्हर हेच सांगतात. उतारावर इंजिन बंद करणारे महाभाग पण आहेत, त्यांच्या गाडीत मी बसत नाही. पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेक हलका करणारा बूस्टरही दोन-तीन दाबांत संपतो.

प्रश्न : सकाळी गाडी किती वेळ गरम करायची?

उत्तर : बेल्ट लावेपर्यंत. मग निघा, फक्त तापमानाचा काटा वर येईपर्यंत रेस करू नका. उभ्या गाडीत गिअरबॉक्स काही गरम होत नाही.

प्रश्न : ऑटोमॅटिक घेतली तर मित्र चिडवतात, आता तू ड्रायव्हर राहिला नाहीस म्हणून.

उत्तर : मला स्वतःला मॅन्युअलच आवडते, मोकळ्या रस्त्यावर बरोबर आरपीएमला गिअर पडला की जी मजा येते ती वेगळीच. पण रोज ट्रॅफिकमध्ये अडकत असाल तर कसली मजा न कसलं काय. फक्त एक बघा, एएमटी प्रकारची ऑटोमॅटिक म्हणजे आत मॅन्युअलच गिअरबॉक्स असतो, क्लच तुमच्याऐवजी मशीन दाबतं एवढंच. त्यामुळे चढावर अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी रोखून धरली की क्लच जळतो, तिथे सरळ ब्रेक दाबा. टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी, असेल तर ती हे बरंच सहन करते, तरी सवय नकोच. आणि मित्र परत बोलला तर त्याला तासभर जाममध्ये त्याच्या मॅन्युअलवर बसवा आणि मग डाव्या पायाची ख्यालीखुशाली विचारा.