प्राचीन इजिप्तच्या धर्मात देवींचं काम काय होतं? त्या फक्त देवांच्या बायका होत्या का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. इजिप्तच्या देवी म्हणजे नुसत्या देवांच्या बायका, की त्यांना स्वतःचं काही काम होतं? आणि जिथे इतक्या देवी पुजल्या जात, तिथल्या बायकांनाही तसाच मान होता का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं जरा अडचणीचं, म्हणून ते शेवटी देते. (मी या विषयातली तज्ज्ञ नाही. बरीच वर्षं हौसेने वाचते आहे आणि एकदा तिकडची देवळं डोळे भरून पाहून आले आहे, इतकंच.)

बहुतेक पुस्तकं देवींची ओळख नात्यांवरून करून देतात: अमक्याची पत्नी, तमक्याची आई. माझ्या मते सुरुवात त्यांच्या रागापासून करावी.

गोष्ट अशी. सूर्यदेव रा म्हातारा झाला आणि माणसं त्याच्याविरुद्ध कट करू लागली. त्याने आपला ‘डोळा’ त्यांच्यावर सोडला. हा डोळा म्हणजे त्याच्यापासून सुटून निघालेली शक्ती, आणि ती स्त्री आहे, हाथोर. तिने वाळवंटात पळालेल्या माणसांना गाठून मारलं. तिला त्यात गोडी लागली आणि ती सेखमेत झाली, म्हणजे सिंहिणीच्या तोंडाची. आता रा घाबरला, कारण एकही माणूस उरेल असं दिसेना. त्याने एलिफंटाईन बेटावरून लाल गेरूसारखं द्रव्य आणवलं, दासींना सातू कुटायला बसवलं आणि 7000 घागरी बिअर तयार करवली. रात्रीतून ती शेतांत ओतली. सकाळी देवी आली तर सगळीकडे रक्तच रक्त! ती पीत सुटली, झिंगली आणि माणसांना ओळखेनाशी झाली. उरलेली माणसं वाचली ती अशी. ही कथा तुतनखामुन राजाच्या थडग्यातल्या सोन्याने मढवलेल्या सर्वांत बाहेरच्या देवघरावर आहे आणि पहिला सेती या राजाच्या थडग्याच्या भिंतीवरही.

या गोष्टीत देवाला आपल्याच शक्तीला आवरता येत नाही, तिला फसवून शांत करावं लागतं. हाथोरची पूजा पाहिली की याचा अर्थ कळतो. तिच्या देवळात मद्य, नाच आणि सिस्ट्रम नावाचं खुळखुळणारं वाद्य यांना एवढं महत्त्व का? ती प्रेमाची आणि संगीताची देवी म्हणून, हे खरंच. पण वाजवणं, गाणं, पाजणं हे सगळं तिला खुशीत ठेवण्याचं कामही आहे. खुशीत असली की हाथोर, बिघडली की सेखमेत. मांजरीच्या रूपातली बास्तेत हीसुद्धा आधी सिंहिणीच्या रूपात दिसते, मांजर नंतर. बास्तेतच्या बुबास्तिस गावच्या जत्रेचं वर्णन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने केलं आहे. नावा भरभरून लोक यायचे, बायका वाटेत टाळ वाजवायच्या, काठावरच्या गावातल्या बायकांची टिंगल करायच्या आणि वर्षभरात मिळून होत नसेल इतकी वाइन त्या एका जत्रेत संपायची. त्याने दिलेला सात लाखांचा आकडा मात्र मी जपूनच घेईन. गर्दीचे आकडे फुगतात, तेव्हाही फुगत असणार.

वर्ष संपताना इजिप्तमध्ये बारा महिन्यांबाहेरचे 5 जादा दिवस यायचे. हे दिवस वाईट मानले जात, आणि साथीचे रोग म्हणजे सेखमेतचे दूत अशी समजूत होती. लोक मंत्र लिहिलेली कापडाची पट्टी गळ्यात बांधायचे. तिचे पुजारी वैद्यकीही करत. एबर्स पपायरस या वैद्यकीय ग्रंथात नाडी पाहणाऱ्यांमध्ये वैद्य आणि मांत्रिक यांच्या जोडीने सेखमेतचा पुजारी येतो. साथ आणणारी तीच आणि नेणारीही तीच, हे मरीआईला नैवेद्य देणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आमेनहोतेप तिसरा या राजाने इ.स.पू. 14व्या शतकात सेखमेतच्या मूर्ती अक्षरशः शेकड्यांनी घडवल्या. सातशेच्या वर असाव्यात, काही बसलेल्या, काही उभ्या. लंडन, ट्युरिन, बर्लिन, न्यूयॉर्क, कुठल्याही मोठ्या संग्रहालयात तिची एखादी मूर्ती भेटतेच. मला मात्र ती भेटली कर्नाकला, प्ताह देवाच्या छोट्या देवळात. मुख्य देवळातली गर्दी तिकडे फारशी वळत नाही. गाभाऱ्याशेजारच्या खोलीत ती उभी आहे, काळ्या दगडाची, डोक्यावर सूर्याची तबकडी. उजेड येतो तो फक्त छताच्या एका भोकातून. रखवालदाराने दार ओढून घेतलं, डोळे अंधाराला सरावले आणि आधी तो जबडा दिसला, मग खांदे. संग्रहालयातल्या ट्यूबलाइटखाली ही मूर्ती नुसती सुबक दिसते. तिथे मी दोन पावलं मागे सरकले, हे कबूल करायला हरकत नाही.

रागाचं आणखी एक उदाहरण मला फार आवडतं, कारण ते एका साध्या कारागिराचं आहे. राजांच्या थडग्यांचं काम करणारे लोक देइर एल-मदिना या गावात राहत. गावामागे पिरॅमिडच्या आकाराचा एक डोंगर आहे. त्या डोंगराची देवी मेरेत्सेगेर, नागिणीच्या रूपातली. नेफेराबू नावाच्या कामगाराने तिच्यासाठी एक शिळा कोरून घेतली, ती आता ट्युरिनला आहे. तो म्हणतो की मी अडाणी होतो, बरंवाईट कळत नव्हतं, शिखराचा अपराध केला आणि तिने मला धडा शिकवला. बाळंतिणीसारखा मी विटांवर बसलो होतो, वाऱ्याला हाका मारत होतो, वारा येईना. मग सगळ्या गावाला बजावतो की शिखराला जपून राहा, तिच्यात सिंह आहे. आणि शेवटी सांगतो की मी तिला हाक मारली, ती गोड वाऱ्यासारखी आली आणि माझं दुखणं विसरायला लावलं. एवढा मोठा देव अमुन-रा नदीपलीकडच्या देवळात बसलेला असताना हा माणूस कबुली देतो ती आपल्या घरामागच्या डोंगराला.

त्याने विटांचा उल्लेख केलाय तो उगाच नाही. तिकडे बाई बाळंत व्हायची ती विटांवर ओणवी बसून, आणि त्या विटांचीसुद्धा देवी होती, मेस्खेनेत. जोडीला बेडकीच्या रूपातली हेकेत आणि पोट सुटलेली, स्तन लोंबणारी, उभी पाणघोडी तावेरेत. तावेरेत दिसायला काही सुंदर नाही, पण घरोघरी, खाटेच्या पायांवर, ताईतांमध्ये तीच. 2001 साली अबायडोसला उत्खननात अशी एक रंगवलेली वीट खरोखरच सापडली. तिच्यावर नुकतंच मूल झालेली आई आहे आणि दोन्ही बाजूंना हाथोरचं तोंड असलेले खांब. मोठमोठ्या देवळांत सामान्य बाईला आत प्रवेश नव्हता आणि सामान्य पुरुषालाही नव्हता, तिथे फक्त पुजारी-पुजारिणी जात. सामान्य लोकांचा धर्म होता तो या खाटेपाशी आणि विटेपाशी.

आता राजाकडे येऊ. राजाच्या कपाळावर फणा काढलेली नागीण असते ती वाजेत, उत्तर इजिप्तची. तिच्या जोडीची गिधाडीण नेखबेत, दक्षिणेची. राजाच्या पाच नावांपैकी एक नाव या ‘दोन देवींचं’ असे. आयसिसच्या डोक्यावर सिंहासनाचंच चिन्ह आहे, आणि तिच्या मांडीवर बसलेला बाळ होरस म्हणजे गादीवर बसलेला राजा. हाथोर गाईच्या रूपात राजाला दूध पाजते. हात्शेपसुत ही बाई राजा झाली तेव्हा तिनेही देइर एल-बाहरीच्या आपल्या देवळात हेच कोरून घेतलं. थोडक्यात, देव राजाचा बाप असेल, पण गादी देवीकडून येते.

आयसिसवर लिहायला बसले तर थांबणार नाही, म्हणून तिची एकच गोष्ट. नवरा ओसायरिसचं प्रेत शोधून तिने त्याला पुन्हा उभं केलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. दुसरी गोष्ट कमी ठाऊक आहे. म्हातारपणी राच्या तोंडातून लाळ गळायची. आयसिसने ती लाळ मातीत मळून नाग घडवला आणि त्याच्या रोजच्या वाटेवर ठेवला. नाग चावला. रा तळमळायला लागला, सगळे देव जमले. आयसिस म्हणाली, तुझं खरं नाव सांग, मग उतरवते. तो म्हणाला, सकाळी मी खेप्री, दुपारी रा, संध्याकाळी अतुम. ती म्हणाली, यात तुझं नाव नाही. शेवटी त्याला ते गुप्त नाव द्यावंच लागलं. ही कथा ट्युरिनच्या एका पपायरसवर आहे आणि खाली ती वापरायची कशी हेही दिलंय. ती विषावरचा मंत्र होती, लिहून चाटून घ्यायची. आता सांगा, यात ‘कुणाची तरी बायको’ कुठे आहे?

आकाशाची देवी नुट. इथे आपल्याला जरा गोंधळायला होतं, कारण आपल्याकडे द्यौः पिता आणि पृथ्वी माता. तिकडे उलटं: जमीन पुरुष (गेब), आकाश बाई. ती रोज संध्याकाळी सूर्य गिळते आणि सकाळी त्याला जन्म देते. सहाव्या रामसेसच्या थडग्याच्या छतावर तिचं शरीर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेलं आहे. शवपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही तीच रंगवत, म्हणजे मेलेला माणूस तिच्या पोटात आणि पुन्हा जन्मायला मोकळा. तिकडे न्यायाच्या दालनात मेलेल्याचं हृदय तोलताना दुसऱ्या पारड्यात मातचं पीस असतं. मात म्हणजे सत्य, न्याय, जगाची घडी, सगळं एकत्र. तिच्या रागाच्या कथा नाहीत, मोठी देवळंही थोडी. पण देवळांच्या भिंतींवर राजा देवाला तिची चिमुकली मूर्ती अर्पण करताना पुन्हा पुन्हा दिसतो.

या सगळ्यांत सर्वांत जास्त टिकली ती आयसिस. तिची देवळं पॉम्पेईत आणि रोममध्ये होती. फिलाई बेटावरच्या तिच्या देवळात 24 ऑगस्ट 394 रोजी कोरलेला मजकूर हा चित्रलिपीतला तारीख असलेला शेवटचा लेख. रोमन साम्राज्य ख्रिस्ती झालं होतं, तरी दक्षिणेकडच्या टोळ्यांनी 453च्या तहात अट घातली की आयसिसच्या दर्शनाला जाऊ द्यायचं आणि मूर्ती काही दिवस आमच्याकडे न्यायला द्यायची. देऊळ बंद झालं ते सहाव्या शतकात, सम्राट जस्टिनियनच्या काळात. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरातही आयसिसचं देऊळ होतं, आणि त्याच्या आवारात उत्खननात बुद्धाची संगमरवरी मूर्ती निघाली. त्याच देवळात एक संस्कृत लेख आणि सातवाहनांची दोन नाणीही सापडल्याचं 2023 साली जाहीर झालं. म्हणजे आपल्या पैठणच्या राजवटीचे पैसे आयसिसच्या दारापर्यंत पोचले होते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. देवी बलवान म्हणून बायका बलवान, असं गणित मला पटत नाही. जुन्या राज्याच्या, म्हणजे मोठे पिरॅमिड बांधले गेले त्या काळात प्रतिष्ठित घरांतल्या शेकडो बायकांच्या नावापुढे ‘हाथोरची पुजारीण’ ही पदवी दिसते. पुढे ती मावळत जाते, पूजा पगारी पुरुष पुजाऱ्यांकडे जाते आणि बायका देवळात उरतात त्या मुख्यतः गायिका म्हणून. देवी त्याच, तेवढ्याच बलवान, पण पदं गेली. उलट सर्वांत मोठं स्त्रीपद आलं ते एका पुरुष देवाच्या देवळात: ‘अमुनची देवपत्नी’. इ.स.पू. 656 मध्ये राजा सामतिकने आपली मुलगी नितोक्रिस थीब्ज शहरात पाठवून त्या पदासाठी दत्तक देववली. तिच्यामागे जमिनी आणि रोजची भाकरी किती यायची हे सगळं शिळेवर कोरलेलं आहे. या देवपत्नी लग्न करत नसत आणि दक्षिण इजिप्तचा मोठा कारभार त्यांच्या नावाने चाले. पण त्यांना तिथे बसवलं ते बापांनी, राजकारणासाठी.

बायकांचा खरा हक्क शोधायचा तर देवळापेक्षा गावच्या कचेरीत शोधावा. नेफेराबूच्याच त्या देइर एल-मदिनात, इ.स.पू. 12व्या शतकात, नाउनाख्त नावाची म्हातारी पंचांसमोर उभी राहिली आणि तिने मृत्युपत्र लिहवून घेतलं. मी फराओच्या भूमीतली स्वतंत्र बाई आहे, आठ मुलं वाढवली, संसाराला लागेल ते दिलं, आता म्हातारी झाले तर ही बघत नाहीत. ज्याने माझ्या हातावर हात ठेवला त्याला माझा वाटा, ज्याने नाही ठेवला त्याला नाही. बापाच्या मालमत्तेतला हिस्सा सगळ्यांना मिळाला. आईच्या स्वतःच्या हिश्श्यातून मात्र न बघणाऱ्या मुलांची नावं कटली.