दिल्ली–टोकियो: अंतर तेच, मग परतीला दोन तास जास्त का?

तुमचा प्रश्न असा की दिल्ली ते टोकियो जाताना साडेसात-आठ तास दाखवतात आणि येताना साडेनऊच्या आसपास, मग यातलं खरं कोणतं? दोन्ही खरे आहेत. फरक वाऱ्याचा आहे.

सुमारे दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक झोत वाहतो, जेट स्ट्रीम. जपानवर हिवाळ्यात तो जगातल्या सगळ्यात जोरदार झोतांपैकी एक असतो, कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर. १९२०च्या दशकात जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून तो मोजला होता, त्याच टोकियोपासून जवळच.

आता अंतराबद्दल. दिल्ली ते टोकियो सुमारे ५,८५० किलोमीटर. हे पृथ्वीच्या गोलाईवरचं सगळ्यात कमी अंतर, आणि ती रेषा थेट हिमालय-तिबेटवरून जाते. प्रवासी विमानं तिकडून जाणं शक्यतो टाळतात. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला चटकन साधारण ३,००० मीटरपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिबेटचं पठारच सरासरी ४,५०० मीटर उंच. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजनही बऱ्याच विमानांत पंधराएक मिनिटांपुरताच असतो. म्हणून मार्ग सहसा दक्षिणेकडून, बांगलादेश-म्यानमारच्या बाजूने वळसा घेतो.

तो वळसा धरून ६,३०० किलोमीटर माना आणि विमानाचा वेग ताशी ९००. वारा नसेल तर सात तास. पाठीमागून सरासरी १०० चा वारा मिळाला तर ६ तास १८ मिनिटं, समोरून आला तर ७ तास ५२ मिनिटं. म्हणजे जाताना ४२ मिनिटं वाचतात, पण येताना ५२ जातात, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. वर धावपट्टीपर्यंत जाणं-येणं, चढणं-उतरणं आणि वेळापत्रकात ठेवलेली थोडी सवड धरली की तुम्हाला दिसलेले आकडे येतात.

तिकिटावरच्या वेळा मात्र नेमकं उलटं चित्र दाखवतात, आणि तिथे पुष्कळ जण फसतात. दोन्हीकडच्या वेळा स्थानिक असतात आणि टोकियो बाराही महिने साडेतीन तास पुढे असतं. दिल्लीहून रात्री ८ ला निघून आठ तासांनी उतरलात, तर टोकियोत सकाळचे ७:३० वाजलेले असतात, घड्याळात साडेअकरा तासांचा फरक. टोकियोहून सकाळी ११ ला निघून साडेनऊ तासांनी आलात, तर दिल्लीत संध्याकाळचे ५, फरक फक्त सहाचा! वजाबाकी करू नका, तिकिटावर एकूण प्रवासवेळ वेगळी लिहिलेली असते, ती बघा.

उन्हाळ्यात हा झोत मंदावतो आणि उत्तरेकडे सरकतो, तेव्हा दोन्ही बाजूंतला फरकही कमी होतो. तुम्ही जानेवारीत जाताय आणि परतताना दिल्लीहून पुढचं विमान पकडायचंय, म्हणून सांगते: मध्ये किमान चार तास ठेवा, आणि जमलं तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं, तर दुसऱ्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी सहसा कंपनीची राहते.